पेशी केव्हा मरते?

नववीत आपण 'ऊती' हा पाठ शिकलो. प्राणी ऊतींचे चार प्रकार, त्यांच्या जागा, त्यांची कार्ये. मी ते परेडच्या हुकमांसारखे घडाघडा पाठ केले होते आणि परीक्षेत त्या प्रश्नाला पूर्ण गुणही मिळाले. पण पाठाचा अर्थ कळला तो दोन प्रसंगांमुळे. पहिला आमच्या कॅम्पमध्ये घडला, दुसरा उन्हाळ्याच्या सुट्टीत वाराणसीला.

कॅम्पमध्ये आमच्या तंबूतल्या एका ज्युनिअरचे बोट डबा उघडताना पत्र्याने कापले. रक्त बरेच येत होते. मी सेक्शन कमांडर. मी बुटाची लेस काढली, बोटाच्या मुळाशी दोन वेढे दिले आणि करकचून गाठ मारली. रक्त लगेच थांबले. वरून रुमाल गुंडाळला आणि आम्ही फॉलइनला पळालो. खरे सांगायचे तर मला तेव्हा स्वतःचे कौतुक वाटत होते. पाऊण तासाने तो हळूच म्हणाला, "सर, बोट माझं नाहीच असं वाटतंय."

रुमाल सोडला तर बोट निळसर पांढरे आणि गार पडलेले. मी घाईघाईने लेस कापली. बघता बघता बोट लालभडक झाले, ठणकू लागले आणि तो कळवळला. एमआय रूममधल्या नर्सिंग असिस्टंटनी जखम धुऊन साधी पट्टी बांधली आणि मला म्हणाले, "कापल्यामुळे बोट गेलं नसतं. तुझ्या गाठीमुळे गेलं असतं."

बोट वाचले. पण माझ्या मनात दोन प्रश्न राहिले. त्या पाऊण तासात बोटाच्या आत काय चालले होते? आणि आणखी किती वेळ गेला असता म्हणजे ते परत आले नसते?

सुश्रुताच्या गावात

बाबांची बदली सध्या वाराणसी छावणीत आहे. गोरखा रेजिमेंटचे ३९ जीटीसी हे प्रशिक्षण केंद्र याच छावणीत आहे. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सैन्यातले एक डॉक्टर राहतात. ते मूळचे साताऱ्याकडचे, मी त्यांना काका म्हणतो. माझे प्रश्न ऐकून ते हसले आणि म्हणाले, "हे विचारायला तू अगदी बरोबर गावात आला आहेस. उद्या पहाटे घाटावर जाऊ."

पाच वाजता आम्ही अस्सी घाटावर पोहोचलो. पायऱ्यांवर बसून काकांनी सुश्रुताची गोष्ट सांगितली. सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेचा जुना ग्रंथ. काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी शिष्यांना शिकवतो आहे, अशी त्याची मांडणी आहे आणि त्या शिष्यांत सुश्रुत आहे. शिष्याने थेट रोग्यावर हात चालवायचा नाही, असा त्या ग्रंथाचा दंडक आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करायचा. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालायला कापड आणि मऊ कातडे, पट्टी बांधायला कापडाचा माणूस. मला आमचे डमी रायफलवरचे ड्रिल आठवले.

पण मी थक्क झालो ते पुढच्या भागाने. शरीराची आतली रचना पाहण्यासाठी मृतदेह मुंज, कुश किंवा ताग अशा गवता-वाखांनी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा आणि वाहत्या पाण्यात आडबाजूला सात रात्री राहू द्यायचा. मग तो बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हलके हलके घासत जायचे. वरच्या त्वचेपासून एकेक थर सुटत जातो आणि प्रत्येक थर डोळ्यांनी पाहायचा.

"सुरी न लावता थर का सुटतात?" काकांनी विचारले. मला उत्तर येईना. उत्तर पेशींत आहे. माणूस मेल्यावर रक्त थांबते. काही वेळाने पेशींमधल्या लयकारिका फुटतात आणि त्यांतली विकरे पेशीला आतूनच पचवू लागतात. म्हणूनच पुस्तकात लयकारिकांना 'आत्मघाती पिशव्या' म्हटले आहे. त्यात जिवाणूंची भर पडते. मऊ थर आधी सैल होतात, चिवट तंतूंचे थर नंतर आणि हाड सगळ्यांत शेवटी उरते. सुश्रुताजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. तरी पेशी मरताना ऊती एकमेकींपासून कशा सुट्या होतात, याचा त्याने अभ्यासासाठी उपयोग करून घेतला.

चार ऊती, चार स्वभाव

आता तेच थर आपल्या पुस्तकाच्या भाषेत पाहू. उदाहरण म्हणून आपलाच हात घ्या.

पहिली अभिस्तर ऊती. त्वचेचा सर्वांत वरचा थर, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर ही तिची ठिकाणे. पेशी एकमेकींना खेटून, मध्ये जागा जवळपास नाहीच. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण खालच्या थरातून झिरपत येते. नवा बूट घालून रूट मार्च केला की टाचेला पाण्याचा फोड येतो, पण त्यातून रक्त येत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. घासल्यामुळे अभिस्तराचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये द्रव भरतो. फोडाच्या टोपीत रक्तवाहिनीच नाही, मग रक्त कुठून येणार? ही ऊती झिजते भराभर आणि भरून येते तशीच भराभर. वरच्या त्वचेच्या पेशी साधारण महिना-दीड महिन्यात पूर्ण बदलतात.

दुसरी संयोजी ऊती. त्वचेचा आतला थर, चरबी, अस्थिबंध, कास्थी, हाड आणि रक्तसुद्धा हिच्यातच येते. इथे पेशी विरळ, त्यांच्यामधला माल जास्त. यातली कास्थी म्हणजे नाकाचे टोक आणि कानाची पाळी ताठ ठेवणारा कुरकुरीत भाग. कास्थीतही रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची दुखापत फार सावकाश भरते. हाडात मात्र भरपूर रक्त फिरते, म्हणून मोडलेले हाड जुळते.

तिसरी स्नायू ऊती. हातापायांचे स्नायू, आतड्याचे स्नायू आणि हृदयाचे स्नायू. काम जास्त म्हणून ऑक्सिजनची भूकही जास्त. हृदय तर विश्रांतीच घेत नाही.

चौथी चेता ऊती. मेंदू, मेरुरज्जू आणि चेता. शरीराच्या वजनाच्या मानाने मेंदू लहान, साधारण दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्यातला सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन तो एकटा वापरतो. त्याच्याजवळ साठा जवळजवळ नाही.

इथे काका थांबले आणि म्हणाले, "आता प्रत्येकीचं रेशन बंद कर. कोण किती वेळ टिकेल?"

रेशन बंद झाल्यावर

रक्त म्हणजे पेशीचे रेशन. त्यातून ऑक्सिजन आणि ग्लुकोज येते. तंतुकणिका त्यांपासून एटीपी नावाची ऊर्जा बनवतात. रक्त थांबले की पहिल्या काही मिनिटांतच एटीपी घटू लागते. पेशी मग ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज वापरते, पण त्यात ऊर्जा थोडी मिळते आणि आम्ल साठत जाते.

पेशीपटलावर सोडिअम बाहेर फेकणारे पंप असतात. ते एटीपीवर चालतात. ऊर्जा संपली की पंप मंदावतात, सोडिअम आत साठतो, त्याच्यामागे पाणी येते आणि पेशी फुगते. इथपर्यंतची इजा परतीची असते. रक्त परत आले की पंप सुरू होतात, पाणी बाहेर जाते, पेशी पूर्ववत होते. माझ्या ज्युनिअरच्या बोटातल्या पेशी याच टप्प्यावर होत्या. लेस कापल्यावर बोट लालभडक झाले, कारण उपाशी राहिलेल्या ऊतींमधल्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडल्या होत्या आणि रक्त जोरात आत आले.

पण रक्त आलेच नाही तर एक क्षण असा येतो की त्यानंतर परत फिरता येत नाही. पेशीपटलाला भोके पडतात. कॅल्शिअम आत घुसतो. तंतुकणिका निकामी होतात, लयकारिका फुटतात. केंद्रक आधी आक्रसते, मग त्याचे तुकडे होतात किंवा ते विरघळते. पेशीतला माल बाहेर सांडतो. या मृत्यूला नेक्रॉसिस म्हणतात. सांडलेल्या मालामुळे आजूबाजूला दाह होतो, सूज येते. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असली की डॉक्टर रक्तात ट्रोपोनिन तपासतात. ट्रोपोनिन हे स्नायूच्या आतले प्रथिन. हृदयातल्या ट्रोपोनिनचे प्रमाण रक्तात वाढले, याचा अर्थ हृदयाच्या पेशींना इजा होऊन त्यांतला माल बाहेर सांडला.

आता काकांच्या प्रश्नाचे उत्तर. नेहमीच्या तापमानाला मेंदूच्या पेशी रक्ताशिवाय साधारण चार-पाच मिनिटांतच कायमच्या निकामी होऊ लागतात. हृदयाचा स्नायू वीस ते तीस मिनिटे तग धरतो. हातापायांचा स्नायू काही तास, साधारण चार ते सहा. त्वचा त्याहून जास्त. आणि डोळ्याचा पारदर्शक पडदा, ज्यात रक्तवाहिन्याच नाहीत, तो माणूस गेल्यावरही काही तास उपयोगी राहतो. म्हणूनच नेत्रदान शक्य होते आणि म्हणूनच मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते करायला सांगतात.

तेवढ्यात सूर्य वर आला होता. दूर मणिकर्णिका घाटाच्या बाजूला धूर दिसत होता. मला वाटायचे की माणूस एका क्षणात मरतो. पण त्याच्या शरीरातल्या ऊती एका क्षणात मरत नाहीत. प्रत्येकीचे घड्याळ वेगळे असते. डॉक्टर, सैनिक आणि प्रथमोपचार करणारा आपल्यासारखा कॅडेट, या सगळ्यांचे काम त्या घड्याळांच्या मधल्या वेळात चालते.

पुण्याचे नाक

याच नियमावर आपल्याकडे एक मोठी विद्या उभी होती. जुन्या काळी शिक्षा म्हणून किंवा सूड म्हणून नाक कापत. सुश्रुतसंहितेत ते परत बनवण्याची रीत आहे. कापलेल्या नाकाएवढे पान मापाला घ्यायचे, तेवढी त्वचा गालावरून सोडवायची, पण एका बाजूने ती जोडलेलीच ठेवायची. मग नाकाच्या जागी बसवून शिवायची आणि श्वासासाठी दोन नळ्या ठेवायच्या.

पुढे गालाऐवजी कपाळाची त्वचा वापरण्याची पद्धत आली आणि त्याची सगळ्यांत प्रसिद्ध हकिगत आपल्या पुण्याची आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती छापून आली. कावसजी नावाचा एक मराठा माणूस इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक लावले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया होताना पाहिल्याचे त्या मजकुरात म्हटले आहे.

रीत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. तेवढी त्वचा सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग ती त्वचा फिरवून खाली आणायची, नाकाच्या कडांना खाच करून त्यात बसवायची आणि वरून काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. रोग्याने पाच-सहा दिवस पाठीवर पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या उघड्या राहतील. डोळ्यांमधली ती पट्टी कापायची साधारण पंचविसाव्या दिवशी.

सगळे रहस्य त्या पट्टीत आहे. त्वचा पूर्ण कापून नाकावर ठेवली असती, तर एवढ्या जाड तुकड्यातल्या पेशींना वेळेत रक्त मिळाले नसते. त्या फुगल्या असत्या, फुटल्या असत्या आणि नवे नाक काळे पडून गळून गेले असते. पट्टीतून रक्तवाहिनी आत जाते, म्हणून रेशन चालू राहते. दरम्यान नाकाच्या कडांतून नव्या केशवाहिन्या तुकड्यात वाढतात. तीन-साडेतीन आठवड्यांत दुसऱ्या बाजूने पुरवठ्याची सोय झाली की जुनी पट्टी कापता येते. आजही कपाळाच्या त्वचेने नाक बनवताना डॉक्टर ही जोडणी साधारण तीन आठवड्यांनीच तोडतात. पुण्याच्या त्या कारागिराला पेशी हा शब्द माहीत नव्हता, पण पेशीला किती वेळ लागतो हे त्याला पक्के ठाऊक होते. ती हकिगत वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला सैन्यातल्या एका अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती युरोपभर पसरली.

मला वाईट वाटले ते एका गोष्टीचे. कावसजीचे नाव राहिले, कार्प्यूचे नाव राहिले, पण ज्याने हे नाक बनवले त्याचे नाव त्या मजकुरात नाही.

शिस्तीत होणारा मृत्यू

पेशीचा प्रत्येक मृत्यू म्हणजे अपघात नव्हे. आईच्या पोटात आपला हात आधी वल्ह्यासारखा असतो, बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि पाच बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटी अशीच नाहीशी होते. या मृत्यूत पेशी फुगत नाही, आक्रसते. तिचे छोटे बंद पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते खाऊन टाकतात. माल सांडत नाही, म्हणून दाह होत नाही. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी याला 'अ‍ॅपॉप्टॉसिस' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पाने गळणे. काका म्हणाले, "नेक्रॉसिस म्हणजे हल्ल्यात उद्ध्वस्त झालेली चौकी. अ‍ॅपॉप्टॉसिस म्हणजे हुकूम आल्यावर सामान बांधून खाली केलेली चौकी."

आपण काय लक्षात ठेवायचे

रक्त थांबणे हे पेशीच्या इजेचे एक कारण झाले. उष्णता, थंडी, दाब, विष आणि जंतू हीही कारणे आहेत. पण प्रथमोपचाराचा उद्देश प्रत्येक वेळी एकच असतो, परतीच्या टप्प्यावरच्या पेशींना परत आणणे. काकांनी मला लिहून दिलेले नियम असे:

१. कापले तर स्वच्छ कापड जखमेवरच घट्ट दाबून धरा, निदान दहा मिनिटे. सारखे उचलून पाहू नका. बहुतेक रक्तस्राव एवढ्याने थांबतो.

२. हातापायातून जीव जाईल इतके रक्त वाहत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच टूर्निकेट. त्यासाठी रुंद पट्टी घ्या, लेस, दोरी किंवा तार कधीच नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि रोग्याला तातडीने रुग्णालयात न्या. दोन तासांच्या पुढे धोका वाढत जातो.

३. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय न हलवता ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. आवळलेल्या भागात विषाच्या इजेवर उपासमारीची इजा चढते.

४. भाजले तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. बर्फाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वाचू शकणाऱ्या पेशीही मरतात.

५. सियाचीनसारख्या ठिकाणी हिमदंशात बोटांतल्या पेशी गोठतात. तिथे बर्फाने चोळणे म्हणजे फुटक्या काचेवर घासणे. भाग पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच कोमट पाण्याने तो उबदार करायचा.

६. हृदय बंद पडले तर मेंदूच्या हातात मोजकी मिनिटे असतात. मदतीला हाक मारा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. आपले दोन हात तेवढ्या वेळापुरते त्याचे हृदय असतात.

७. कुठलीही पट्टी बांधल्यावर बोटाचे नख दाबा आणि सोडा. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. झाले नाही तर पट्टी सैल करा.

सुट्टी संपवून शाळेत आल्यावर मी पहिल्यांदा त्या ज्युनिअरला शोधले. "बोट दाखव," म्हणालो. तो जरा घाबरला, त्याला वाटले नखे तपासतोय. मी त्याचे नख दाबले आणि सोडले. ते लगेच गुलाबी झाले. मग मी त्याला माझा हात दिला आणि हा सातवा नियम आधी त्याच्याकडून करून घेतला.